पाचूबंदरचे तीन जबाब

तीन माणसांचे तीन जबाब होते, आणि तिघांनाही टोपलीतले बोंबील आठवत होते.

सुरुची खामकरने तिन्ही कागद माणिकपूरच्या ऑफिसातल्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पोलीस जबाब आपल्या भाषेत लिहून घेतात, त्यामुळे ‘सदर बाई’ आणि ‘रस्त्याच्या डाव्या कडेने’ हे सगळीकडे सारखं असायचंच. त्यावर तिचा आक्षेप नव्हता. पण बोंबील? टोपली झाकलेली होती, असं तिघंही सांगत होते. जिला धडक बसली त्या लुईझाबाईला टोपलीत काय आहे ते माहीत असणार, हे ठीक. पण मागून स्कूटर घेऊन आलेल्या क्लेमेंटला झाकल्या टोपलीतले बोंबील दिसले कसे? आणि वीस पावलांवर उभा असलेल्या अँथनीला?

सुरुची विमा कंपन्यांसाठी दाव्यांची चौकशी करायची. नऊ वर्षं नोकरी केली होती, आता दोन वर्षं स्वतंत्रपणे करत होती. कंपनीला एखादा दावा खटकला की फाइल तिच्याकडे यायची. या कामाने तिच्या स्वभावात एक खोच आणली होती. नवरा, जितेश, साधं ‘ट्रॅफिक लागला’ म्हणाला तरी तिच्या तोंडून ‘कुठे?’ निघून जायचं. चंदनसारच्या त्यांच्या सोसायटीत बायका तिच्यासमोर जरा जपूनच बोलायच्या.

फाइल तशी छोटी होती. वसईच्या पाचूबंदरात राहणारी लुईझा कोळी, वय छप्पन्न, मासे विकणारी विधवा बाई. दोन महिन्यांपूर्वी, एका बुधवारी सकाळी साडेसहाला बंदराकडून पारनाक्याकडे चालत जात असताना तिच्या सख्ख्या दिराच्या, क्लेमेंटच्या, स्कूटरची धडक बसली आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. स्कूटर क्लेमेंटच्या नावावर, चालवत होता क्लेमेंट, परवाना त्याचा वैध. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे कायद्याने सक्तीचा असतो तेवढाच. गाडीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला इजा झाली तर कंपनी भरपाई देणार. मागे बसलेल्याला त्यातून काही मिळत नाही, आणि मालकाशिवाय दुसरा कुणी गाडी चालवताना पडला तर त्यालाही नाही. लुईझाबाई पायी होती, म्हणून तिचा दावा बसत होता. अगदी मापाने शिवल्यासारखा बसत होता, आणि तेच सुरुचीला आवडलं नव्हतं.

अपघात बुधवारी सकाळी झाला, आणि पोलिसांत फिर्याद शनिवारी दुपारी. मधले तीन दिवस काय केलं? त्यात हॉस्पिटलच्या दाखल करतानाच्या नोंदीत डॉक्टरने लिहिलं होतं, ‘दुचाकीवरून पडून.’ दुचाकीची धडक बसून, असं नाही.

“मागे बसली होती बाई,” क्लेम विभागाचे दिनानाथसाहेब चष्मा पुसत म्हणाले. “दिराच्या मागे बसून बाजाराला निघाली, पडली. मागच्याला विमा नाही, म्हणून तिला पायी चालवलं. वर्षाला अशा दहा केसेस बघतो आपण. जाऊन ये एकदा.”

सुरुचीलाही तसंच वाटत होतं.

पाचूबंदरात ती कुणाला न कळवता गेली. पण लुईझाबाईच्या अंगणात हेल्मेट काढून ती केस सारखे करते आहे तोवर दोन खिडक्यांतून माणसं डोकावून गेली होती.

लुईझाबाई पुढच्या खोलीतच खाटेवर होती. काळी, काटक, कपाळावर आठी. पाय कमरेपासून खाली वजनाला टांगलेला. क्लेमेंट तिच्या उशाशी उभा राहिला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. सुरुचीने ओळखपत्र दाखवलं, वही उघडली, आणि दहा मिनिटांत दारात तिसरा माणूस हजर झाला.

“मी अँथनी. शेजारी. यांचं सगळं मीच बघतो,” तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. “विचारा काय ते.”

“मावशी,” सुरुचीने लुईझाबाईकडेच बघत विचारलं, “धडक कुठल्या बाजूने बसली?”

लुईझाबाईने अँथनीकडे बघितलं.

“मागून,” अँथनी म्हणाला.

“मी मावशींना विचारतेय.”

“मागून,” लुईझाबाई म्हणाली.

“क्लेमेंटभाऊ, तुम्हाला तुमची वहिनी समोर दिसली नाही?”

“काळोख होता,” क्लेमेंट म्हणाला. मग एकदम, कुणी न विचारता, “टोपलीन बोंबील होते.”

सुरुचीने वहीत काही लिहिलं नाही. तिने फक्त पेनाचं टोपण लावलं. “स्कूटर बघू?”

स्कूटर घरामागे ताडपत्रीखाली होती. मरून रंगाची, फार जुनी नाही. डाव्या बाजूचा आरसा नवाकोरा, डावीकडचा ब्रेकही नवा. “माझ्या ओळखीच्या गॅरेजात दुरुस्त करून आणली,” अँथनी मागून म्हणाला. सुरुची गाडीच्या मागच्या बाजूला गेली. नंबरप्लेट आत दबलेली होती. आणि उजव्या अंगाला, मागच्या दिव्यापासून सीटपर्यंत, वीतभर लांब पोपटी रंगाचा ओरखडा होता. पत्र्यावर नुसतं खरचटलं नव्हतं; दुसऱ्या कशाचा तरी रंग घासून तिथे चिकटला होता.

“हे कशाने?”

“रिक्षा लागली असंल कवातरी,” क्लेमेंट म्हणाला.

वसईत पोपटी रिक्षा तिने अजून बघितली नव्हती. तिने फोटो काढले. माणसाला पुढून धडक देणाऱ्या स्कूटरची नंबरप्लेट मागून का दबावी, हा प्रश्न तिने तेव्हा विचारला नाही. काही प्रश्न परत यायला निमित्त म्हणून ठेवायचे असतात.

निघताना क्लेमेंट गल्लीच्या तोंडापर्यंत आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “मॅडम, तुमचं काय असंल ते सांगा.”

“माझं काहीही नाही,” सुरुची म्हणाली. तेवढ्यात तिला आपल्या स्कूटरच्या हुकाला अडकवलेली पिशवी दिसली. आत बर्फ आणि चार मोठी पापलेटं. तिने पिशवी काढून त्याच्या हातात दिली. “हे परत न्या. आणि पुन्हा असं करू नका, नाहीतर मला हेही लिहावं लागेल.”

क्लेमेंटचा चेहरा पडला. लाच देताना पकडलेला माणूस बहुतेक वेळा निर्लज्जपणे हसतो, हा अनुभव तिला होता. हा हसला नाही. पिशवी धरून तिथेच खाली बघत उभा राहिला. ते तिच्या मनात राहिलं, पण संशयाच्याच खात्यात.

दुसऱ्या दिवशी ती मच्छीमार सोसायटीत गेली. बोटींना डिझेल तिथून मिळायचं आणि प्रत्येक बोट कधी सुटली, कोण कोण गेलं, कधी आली, ते लिहून ठेवलेलं असायचं. उन्नती नावाची तरुण कारकून होती. तिने कंपनीचं पत्र वाचलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

अपघाताच्या आठवड्यात क्लेमेंटची बोट सोमवारी संध्याकाळी सुटली होती. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, स्वतः क्लेमेंट. परत आली शुक्रवारी रात्री.

बुधवारी सकाळी साडेसहाला क्लेमेंट भर समुद्रात होता. आणि फिर्याद शनिवारी का झाली, तेही आता उघड होतं. त्याची बोट यायची वाट बघत सगळे थांबले होते.

“संपलं तर मग,” दिनानाथसाहेब खूश झाले. “रजिस्टरची नक्कल लाव, दावा फेटाळायची शिफारस कर. खोट्या फिर्यादीचं पोलीस बघतील. गुरुवारपर्यंत रिपोर्ट दे.”

रिपोर्ट लिहायला तासभर पुरला असता. सुरुचीने लॅपटॉप उघडला, चार ओळी लिहिल्या आणि थांबली. क्लेमेंट नव्हता, तर स्कूटर कोण चालवत होतं? विनापरवाना कुणाला तरी लपवत असतील. मुलगा? पण बोटीवरच्या नावांत त्याच्या दोन्ही मुलांची नावं होती. घरात दुसरं होतंच कोण? आणि हे सगळं जुळवून आणलं कुणी? क्लेमेंटला तर खोटं धड बोलताही येत नव्हतं. कंपनीला या प्रश्नांशी देणंघेणं नव्हतं. पण अर्धवट संशय घेऊन झोपायची तिला सवय नव्हती.

तिने फोटो पुन्हा चाळले. लुईझाबाईच्या खोलीचा एक फोटो होता. खाट, भिंतीवर मारियेची तसबीर, तिच्याखाली खिळ्याला टांगलेलं लहान मापाचं हेल्मेट. तिने फोटो मोठा केला. हेल्मेटची डावी बाजू कपाळापासून कानापर्यंत खरवडून निघाली होती.

रविवारी सकाळी आठला चर्चमध्ये मिसा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते. क्लेमेंट देवळात असणार, अँथनीही असणार. खाटेला जखडलेली लुईझाबाई मात्र घरीच असणार. सुरुची बरोबर आठला तिच्या दारात उभी राहिली. स्वतःचाच तिला थोडा राग आला होता. आजारी बाईला एकटीला गाठायचं, हे काम तिला कधीच आवडलं नव्हतं. पण खरं बहुधा असंच हाती लागायचं.

“आज कोन नाय घरी,” लुईझाबाई म्हणाली.

“माहीत आहे. म्हणूनच आले.” सुरुची जमिनीवरच बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका पातळीवर आले. “मावशी, ते हेल्मेट कोणाचं?”

लुईझाबाईने वर बघितलं. बाहेर मांजरं सुक्या मासळीच्या दांड्यांखाली भांडत होती.

“क्लेमेंटचं,” ती म्हणाली.

“क्लेमेंटभाऊंच्या डोक्याला ते बसणार नाही. आणि क्लेमेंटभाऊ बुधवारी बोटीवर होते. सोसायटीत लिहिलंय.”

“मग सगला ठावाच हाय, तर विचारते कशाला?”

“एकच ठाऊक नाही. स्कूटर तुम्हीच चालवत होता ना?”

लुईझाबाईने उशीखालून प्रार्थनेचं पुस्तक काढलं. त्यात घडी घातलेला कागद होता. तो तिने सुरुचीच्या हातात दिला. शिकाऊ परवाना. तीन महिन्यांपूर्वीचा. फोटोत लुईझाबाई, पदर नीट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

“कॉम्प्युटरवर परीक्षा दिली,” ती म्हणाली. “पयल्यांदा नापास. दुसऱ्या टायमाला पास. रिक्षावाले टोपली बघून थांबत नाय, बाय. म्हनतात सीटला वास लागतो. पारनाक्यापर्यंत चालत जाऊन माजी कंबर मोडली. क्लेमेंटची गाडी दर्यावर गेला का नुसती उभीच. तोच म्हनला, वयनी, शीक. दोन हप्ते मागं बसून शिकवला त्यानं. त्या दिवशी तो नव्हता. मी म्हनलं, जाईन एकटी.”

“गाडीला ‘एल’ लावलं होतं?”

“पुढं होता. मागचा पडला होता.”

म्हणजे बोंबील खरे होते. टोपली खरी होती. पायी चालणं तेवढं खोटं होतं. सुरुचीने वही उघडली आणि लिहायला लागली, तेवढ्यात तिला ती दबलेली नंबरप्लेट आठवली.

“पडलात कशा?”

“घाबरले असंन. अँथनी बोलला, तूच घाबरून पडली.”

“अँथनी काय बोलला ते नको. तुम्हाला काय आठवतंय?”

लुईझाबाईने डोळे मिटले. “मागून जोरात हाललं. म्हंजे कोनी ढकलल्यासारखा. मग मी खालती. आनि पानी.”

“कसलं पाणी?”

“पान्याचा आवाज. डचमळतो ना, तसा. आनि माजी पाठ भिजली. सगली चोली भिजली. मी अँथनीला सांगितला तर बोलला, तुला भोवल आली, चक्करीत तुला तसा वाटला. पन चोली ओली होती, बाय. हॉस्पिटलान नर्सबाईनं काढली तवा पन ओलीच होती.”

सुरुचीच्या हातातलं पेन थांबलं.

“अँथनी आणखी काय म्हणाला?”

“बोलला, शिकाऊ परवाना, बाजूला शिकवनारा नाय, मागं एल नाय. पोलिसाला कलला तर तुलाच आत टाकतील, गाडी जप्त करतील, क्लेमेंटचा परवाना जाईल. वर एक पैसा मिलनार नाय. त्यापेक्षा पायी होती म्हन, क्लेमेंट आला का त्याच्या नावावर टाकू. वकील पन त्यानंच आनला.”

“मावशी, नीट ऐका,” सुरुची म्हणाली. “एकटी निघालात ही चूक झाली. त्याचा दंड होतो, तो भरावा लागेल. पण तुम्हाला मागून कुणी गाडी ठोकली असेल, तर तुमचा परवाना शिकाऊ आहे म्हणून त्याची चूक पुसली जात नाही. त्याच्या गाडीच्या विम्यातून तुम्हाला भरपाई मागता येते. तो सापडलाच नाही तरी सरकारकडे अर्ज करता येतो. खोटं बोलायची गरजच नव्हती.”

लुईझाबाई तिच्याकडे टक लावून बघत राहिली. आता संशय तिच्या डोळ्यांत होता. ही कंपनीची बाई. ही आपल्याला चकवून सही तर घेत नाही?

“मग अँथनी असा का बोलला?” तिने विचारलं.

सुरुचीला उत्तराचा अंदाज येत होता, पण अंदाज सांगायचे नसतात. “शोधते,” ती म्हणाली.

देवळातून माणसं परतायच्या आत ती बाहेर पडली, पण घरी गेली नाही. गल्लीच्या टोकाला बायका पिंपांतून पाणी भरत होत्या. सुरुचीने आपली बाटली भरून मागितली आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, “नळाला पाणी नाही येत?”

“येतो कवा! टँकरवर चाललाय आमचा.”

“सकाळी लवकर येतो का टँकर?”

“सहा-साडेसहाला. पयले लेस्टरचा यायचा. आता दोन महिने दुसराच येतो.”

“लेस्टरचा कसा होता?”

“पोपटी.” बाईने हसून घागर उचलली. “लांबून दिसायचा. आमच्या अँथनीचा मेव्हना ना तो. कुठं गायब झालाय कोन जाने.”

लेस्टरच्या वेळची पाण्याच्या पैशांची जुनी पावती त्या बाईच्या दाराला अडकवलेल्या तारेत होती. तिच्यावर त्याच्या टँकरचा नंबर छापलेला होता. सुरुचीने तिथेच उभं राहून मोबाइलवर वाहनांच्या सरकारी ॲपमध्ये नंबर टाकला. नोंदणी वैध. मालक लेस्टर. विमा जुलैत संपला होता. आता मार्च होता.

अँथनीला अपघातानंतर सर्वांत आधी लुईझाबाई दिसली. त्यानेच तिला रिक्षात घातलं, हॉस्पिटलात नेलं, स्कूटर उचलून आपल्या ओळखीच्या गॅरेजात टाकली, वकील आणला, प्रत्येकाला वाक्य पढवलं. इतकी धावपळ शेजारी करतात, नाही असं नाही. पण धावपळ करणारा शेजारी जखमी बाईला जाणवलेलं पाणी भ्रम म्हणून उडवून लावत नाही.

लेस्टरचा टँकर तिला सोमवारी सापडला. नालासोपाऱ्यात तुळिंजच्या मागच्या बाजूला, गॅरेजांच्या रांगेत, भिंतीला तोंड करून उभा होता. सगळा टँकर उन्हाने विटलेला पोपटी, आणि पुढचा डावा कोपरा तेवढा चकचकीत. बंपरचा डावा तुकडा नवा. सुरुचीने समोरच्या टपरीवर उभं राहून चहा घेतला आणि फोटो काढले. इतकी वर्षं ती खोटे दावे पकडत आली होती. या वेळी खोट्या दाव्याच्या पोटात खरा अपघात निघाला होता.

त्या संध्याकाळी ती पाचूबंदरला कळवून गेली. क्लेमेंट होता. अँथनीही होता, तसाच खुर्ची ओढून बसलेला. त्याच्या बायकोने दिलेली पेज खाटेजवळच्या स्टुलावर झाकून ठेवलेली. सुरुचीने मोबाइल लुईझाबाईच्या हातात दिला. पहिला फोटो स्कूटरच्या ओरखड्याचा. दुसरा टँकरच्या चकचकीत कोपऱ्याचा.

“हे काय?” क्लेमेंटने वाकून बघितलं.

“लेस्टरचा टँकर. त्या बुधवारी साडेसहाला इथेच पाणी द्यायला येत होता. विमा संपलेला आहे त्याचा.”

अँथनी हसला. “पोपटी रंगाचे छप्पन्न टँकर आहेत वसई-विरारला. सिद्ध करा.”

“मला करायचं नाही. पोलीस दोन्हीकडचा रंग तपासून बघतील. मला फक्त माझ्या कंपनीचं लिहायचंय, की क्लेमेंटभाऊ गाडीवर नव्हते. ते मी लिहिणारच आहे. त्यानंतर खोटी फिर्याद दिली म्हणून कुणाला बोलावतील? तुम्हाला नाही. क्लेमेंटभाऊंना आणि मावशींना. तुम्ही साक्षीदार. तुम्ही म्हणाल, काळोख होता, मला वाटलं क्लेमेंट.”

क्लेमेंट हळूहळू अँथनीकडे वळला. “तुला ठावं होता?”

“क्लेमेंट, तू हिचं काय ऐकतोस? कंपनीचे पैसे वाचवायला आलीये ती.”

“मी विचारला, तुला ठावं होता?”

अँथनीने खिशातलं पेन काढलं, पुन्हा लावलं. “टँकरवर चार माणसांचं पोट आहे,” तो शेवटी म्हणाला. “विमा नाही म्हटल्यावर सगळं लेस्टरच्या अंगावर आलं असतं. तुझा विमा होता ना? कंपनी देणार होती. तुझं काय जाणार होतं? वहिनीला पण मिळालं असतं. सगळ्यांचंच भलं बघितलं मी.”

लुईझाबाई इतका वेळ फोटोच बघत होती. तिने मोबाइल सुरुचीला परत दिला.

“मना तू येडी ठरवली,” ती अँथनीला म्हणाली. आवाज चढला नव्हता. “दोन महिने मी इथं पडून इचार करते, का माजा डोका फिरला का काय. पानी कुठून आला. रात्रंदिस तोच इचार. रोज येऊन बसायचा तू इथं. एक दिवस तरी सांगायचा.”

अँथनी उठला. दारात थांबून काहीतरी बोलणार होता, पण क्लेमेंट मध्ये उभा राहिला, तसा तो निघून गेला.

“मना पोलिसांकडं ने,” लुईझाबाई क्लेमेंटला म्हणाली. “नायतर त्यांना इथं बोलव. मीच गाडी चालवत होती म्हनून सांगते.”

“वयनी, आपल्यालाच धरतील.”

“धरू दे.”

पोलीस आले. त्यांच्या साहेबांनी क्लेमेंटला उभं करून असं झापलं की गल्लीभर ऐकू गेलं. पुन्हा खोटी सही केलीस तर आत टाकीन, म्हणाले. लुईझाबाईचा नवा जबाब झाला, एकटीने गाडी चालवल्याचा दंड झाला, तो तिने भरला. स्कूटरचा आणि टँकरचा रंग तपासायला गेला आणि जुळला. लेस्टरवर गुन्हा दाखल झाला. कंपनीवरचा दावा मागे घेतला गेला आणि नव्या वकिलाने लेस्टरवर नवा दावा लावला. सुरुचीचा रिपोर्ट तीन पानांचा झाला. दिनानाथसाहेबांनी पहिलंच पान वाचलं, खाली सही केली आणि उरलेली दोन पानं कशाला लिहिलीस, असं विचारलं.

गावात मात्र दोन तट पडले. अर्ध्यांच्या मते लुईझाबाईने शेजाऱ्याच्या मेव्हण्याचं घर बुडवलं. अँथनीच्या घरून पेज यायची बंद झाली. क्लेमेंट बोटीवर असला की ती कुबड्या घेऊन स्वतःच चूल पेटवायची. हे सुरुचीला उन्नतीकडून कळायचं, आणि कळलं की दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही.

दाव्याच्या पहिल्या तारखेला सुरुचीला साक्षीसाठी बोलावणं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात लुईझाबाई बाकावर बसली होती, शेजारी क्लेमेंट. डावा पाय किंचित आखूड झाला होता. तिने सुरुचीला बघून मान हलवली, बस म्हणाली नाही, पण टोपली बाजूला सरकवून जागा केली.

थोड्या वेळाने एक बारीकसा, पस्तिशीचा माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. लेस्टर. सोबत अँथनी नव्हता.

“लुईझाआंटी,” तो म्हणाला.

क्लेमेंट उठायला लागला. लुईझाबाईने त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं.

“मना एकच सांग,” ती म्हणाली. “आरशान बघितला होता का? मी पडले ते?”

सुरुचीने लेस्टरच्या चेहऱ्याकडे बघितलं. सवयीने. तो नाही म्हणेल, काळोख होता म्हणेल, असं तिने गृहीत धरलं होतं.

“बघितलं होतं,” लेस्टर म्हणाला. “तुम्ही आहात ते पण ओळखलं होतं. थांबलो पण. मग कागद आठवले आणि गाडी मारली. पुढे जाऊन अँथनीला फोन केला, म्हटलं, बघ जाऊन.”

व्हरांड्यात शिपायाने कुठलं तरी नाव पुकारलं. त्यांचं नव्हतं.

“फोन केला होतास,” लुईझाबाई म्हणाली. जणू तेवढं वेगळं काढून ठेवत होती. मग पदर सावरत म्हणाली, “आत पन असाच बोल. एक शब्द कमी नको का जास्ती नको.”

लेस्टरने मान हलवली. जायला वळला, पण कुठे जावं ते त्याला समजेना, आणि तो समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. नाव पुकारेपर्यंत चौघंही तिथेच थांबली.